पाचवा ठोकळा

सर भिंती चाटायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांना ओळखणारा कुणीही भेटला तर तो पहिल्यांदा हेच सांगेल आणि हसेल. मीही वर्षानुवर्षं हेच सांगून लोकांना हसवलं आहे. बाकीचं सांगावं लागू नये म्हणून.

शारजाच्या अल नहदा भागात तेव्हा नुकते टॉवर उभे राहू लागले होते. मुंबई-पुण्याकडचं एखादं कुटुंब तिथे राहायला आलं की दार लावून, आवाज बेताचा ठेवून सत्यनारायण व्हायचा. फ्लॅट भाड्याचाच, पण पूजा घातल्याशिवाय तो घर वाटत नसे. अशाच एका पूजेला सर आणि काकू आले होते. सरांचा सिल्कचा झब्बा, हातात तीर्थाची वाटी. आरती सुरू झाली तसे ते हळूहळू मागे सरकत बाल्कनीच्या दाराशी पोचले. तिथल्या खांबावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, मग नखाने गिलाव्याचा कण काढून जिभेवर ठेवला.

यजमानीणबाईंनी ते बघितलं. "काका, प्रसाद इकडे आहे," त्या म्हणाल्या.

"प्रसाद नंतर. या खांबात समुद्राची वाळू आहे. धुतलेली नाही."

आरती अडखळली. यजमान टाळ हातात धरून म्हणाले, "म्हणजे काय करायचं, सर?"

"काही नाही. आठेक वर्षांनी या बाल्कनीत उभे राहू नका."

परतताना तिघे टॅक्सीत बसलो तेव्हा काकू म्हणाल्या, "घरात आमटीची चव विचारली तर सांगत नाहीत. लोकांच्या भिंती मात्र चाखायच्या." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमटी पडून कुणी मरत नाही." त्या घरून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

मी त्यांचा कनिष्ठ होतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बांधकामाचं सामान तपासायची एक लहानशी लॅब होती, तिथे. सर पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून संशोधक इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन आले होते. आयुष्यभराचा विषय एकच: काँक्रीटच्या आतली लोखंडी सळी खाऱ्या हवेत कशी कुजते. निवृत्त माणसं नातवंडांत रमतात. हे वाळवंटात आले. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही इथे सोन्यासाठी आलात. मी मिठासाठी. मुंबईत जी सळी सडायला वीस वर्षं घेते ती इथे आठ वर्षांत सडते. मला आता वीस वर्षं नाहीत."

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मला वाटलं पाहुणचार. मी घोटभर प्यायलो.

"कसं आहे?"

"ठीक आहे, सर."

"ठीक म्हणजे किती?"

ते पाणी एका साइटवरच्या टाकीतलं होतं, काँक्रीटमध्ये घालायचं. "विद्वान," सर म्हणाले, "ठीक हा आकडा नाही. ठीक हे माणसं एकमेकांना गप्प करायला म्हणतात."

माझं नाव त्यांच्या तोंडी त्या दिवसापासून 'विद्वान'. रागावले की 'विद्वान महाराज'. त्यांना कुणी "कसे आहात?" विचारलं तर ते उत्तर द्यायचे, खरोखरचं: रक्तदाब किती, डावा गुडघा जिन्याच्या कितव्या पायरीला दुखतो, झोप कशी. विचारणारा 'यल्ला, येतो' म्हणून सटकायचा. आमचा मॅनेजर तर कॉरिडॉरमध्ये ते दिसले की मोबाइल कानाला लावायचा, वाजलेला नसतानाही.

त्यांच्याबरोबर काम करणं सुखाचं नव्हतं. क्लायंटसमोर त्यांनी माझा रिपोर्ट दोनदा परत फिरवला. "याने आकडे गुळगुळीत केलेत," असं त्या कॉन्ट्रॅक्टरसमोर मोडक्या हिंदीत म्हणाले, "असली आकडा थोडा टेढा होता है. सीधा आकडा मतलब घर बैठके लिखा." कॉन्ट्रॅक्टर हसला. मी खाली मान घालून उभा. पण तेच सर मला ताप आला तेव्हा दोन बस बदलून माझ्या खोलीवर आले होते, काकूंनी केलेला मऊ भात डब्यात घेऊन. तो भरवताना "उजव्या बाजूचा डोळा जास्त लाल आहे" एवढंच म्हणाले. माझं लग्न झालं, बायको शारजात आली, तेव्हा तिला पहिली साडी काकूंनी नेसवली. आमचे आईवडील तिकडे लांब. इथे हीच दोन माणसं.

आता त्या भांडणाबद्दल, कारण सगळं त्याच्याभोवती आहे.

पुण्याच्या प्रयोगशाळेत सरांच्या बरोबरीचे एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, सळीला हिरवा प्लास्टिकसारखा लेप दिला की खाऱ्या पाण्यात ती सुरक्षित. सरांचं म्हणणं उलटं. लेपाला बारीकशी चीर कुठेतरी पडतेच, त्यातून मीठ आत शिरतं आणि मग सळी लेपाखाली सडते. बाहेरून हिरवीगार, आत काळा चिखल. कुणाला कळतही नाही. दोघांनी अठ्ठावीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. सर त्यांचं नाव घेत नसत. 'लेपवाले' म्हणायचे. समित्यांमध्ये लेपवाले जिंकले. पूल, धक्के, हिरव्या सळ्यांनी भरले. सरांचा विरोध कुठल्याशा परिशिष्टात शेवटी एका ओळीत यायचा. ती ओळ ते पाठ म्हणून दाखवायचे.

"माझ्याकडे पुरावा नव्हता," सर सांगायचे. "त्यांच्याकडेही नव्हता. पण त्यांचा आवाज चांगला होता."

तो पुरावा करायला ते इथे आले होते. लॅबचं काम पगारापुरतं. खरं काम अजमानच्या खाडीकाठी, होड्या दुरुस्त करायच्या एका जुन्या यार्डामागे. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने काँक्रीटचे सहा ठोकळे ओतले, प्रत्येकात एक हिरवी सळी, टोक बाहेर. भरतीला ठोकळे बुडायचे, ओहोटीला उघडे पडून तापायचे. यार्डाचा मालक म्हातारा अरब होता, दोरखंडाच्या गुंडाळीवर बसलेला असायचा. सरांनी त्याला सांगितलं, हे दहा वर्षं इथे राहतील.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

"नो इन्शाल्ला. टेन इयर्स."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "हबीबी," तो म्हणाला, "दहा वर्षं मला तरी कोण देतंय?" मग त्याने जागा दिली.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिथे जायचो. मोजणं सोपं होतं: मीटरची एक तार सळीच्या टोकाला, दुसरी ओल्या स्पंजाला, स्पंज ठोकळ्यावर दाबायचा आणि मीटरवरचा आकडा वाचायचा. आकडा नेहमी उणे. तो जितका खाली जाईल तितकी सळी आत कुजते आहे. उणे साडेतीनशेच्या खाली गेला की समजायचं, गेली. पहिली काही वर्षं आकडे सावकाश, अगदी सरांनी सांगितल्याच्या बेताने, खाली सरकत होते. प्रत्येक आकड्याला त्यांचा चेहरा उजळायचा. एखाद्या बापाने मुलाची उंची दारावर खूण करून मोजावी तसे ते सळीचं सडणं मोजायचे.

निम्म्या वाटेवर त्यांचा व्हिसा संपला. वयाची पासष्ट पूर्ण झाली होती, त्यापुढे व्हिसा मिळत नसे. मॅनेजरने दोन्ही हात झटकले, "खलास, सर. रूल इज रूल." सरांनी भांडण केलं नाही. ते फक्त ठोकळ्यांबद्दल बोलत राहिले. सामान बांधून झालं, काकू शेजारणींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि हे मला स्पंज किती ओला हवा ते दाखवत होते.

एअरपोर्टवर म्हणाले, "दर महिन्याला जमलं नाही तर तीन महिन्यांनी. पण बघशील ना?"

"बघतो, सर."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. सरांना नव्हतं. त्यांच्या भाषेत बघतो म्हणजे डोळ्यांनी बघतो.

पहिल्या वर्षी मी दोनदा गेलो. तेवढे दोन आकडे खरे. त्याच सुमारास मला दुबईत नवी नोकरी लागली, मुलगा झाला, गाडी घेतली. शुक्रवार एकच सुट्टी. त्यात किराणा, सासरचे फोन, कुणाचा तरी वाढदिवस. यार्डाचा पठाण चौकीदार, त्याच्याकडे माझा नंबर होता, त्याने एकदा फोन केला. "साब, बुड्ढा अरबाब मर गया. बलदिया का आदमी आया था, पूरा जगह भरेगा. आपका पत्थर उठाओ." अरबाब म्हणजे मालक, बलदिया म्हणजे म्युनिसिपालिटी. मी म्हटलं, "देखता हूँ, खान." हिंदीतही तेच. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा केला. मी मीटिंगमध्ये होतो, कट केला. एका टेम्पोचं आणि दोन माणसांचं काम होतं ते. अर्ध्या दिवसाचं.

मी गेलो तेव्हा तिथे यार्ड नव्हतं. खडी पसरलेली, वर रोलर फिरलेला. ठोकळे कुठल्या भरावात गेले ते विचारायला माणूसही उरला नव्हता.

सरांचा फोन आला. तेव्हा पुण्याहून फोन करणं त्यांना परवडत नसे, ते मिस्ड कॉल द्यायचे आणि मी उलट लावायचो. मी सांगायचं ठरवून लावला, हे खरं आहे. सगळी वाक्यं जुळवली होती. पलीकडून काकूंनी उचलला, "कसे आहात रे सगळे?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे, काकू." इथून घरी फोन करणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. नोकरी गेली तरी, ऑपरेशन झालं तरी, नवराबायको वेगळे राहायला लागले तरी. कार्डावरची मिनिटं संपत असतात आणि तिकडची माणसं म्हातारी असतात. मग सरांनी रिसीव्हर घेतला, "हं, ठोकळे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "ठोकळेही ठीक आहेत, सर."

"ठीक म्हणजे किती?"

मी आकडे सांगितले. सहा. तिथल्या तिथे.

हा पहिला खोटेपणा मी स्वतःला माफ करू शकलो असतो. घाबरून बोललेलं होतं. पण त्यानंतर पाच वर्षं, तीन-तीन महिन्यांनी, मी शांतपणे आकडे सांगत गेलो. आणि त्यात एक गोष्ट अशी होती जी मला तेव्हा दिसत होती आणि मी न दिसल्यासारखं केलं. मी चांगले आकडे सांगत होतो. सगळं ठीक असल्याचे. सळ्या जशाच्या तशा असल्याचे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला ही चांगली बातमी असती. या एका माणसाला ती चांगली बातमी नव्हती. ठोकळे ठीक असणं म्हणजे सर चुकीचे असणं.

वाईट आकडे का नाही सांगितले? तेही खोटेच असते, पण त्यांना हवे ते असते. कारण वाईट बातमीला पुढे प्रश्न असतात. आकडा साडेतीनशेच्या खाली गेला असता तर सर म्हणाले असते, फोड एक ठोकळा, सळीचा तुकडा पाठव, फोटो पाठव. चांगल्या बातमीला काही पाठवावं लागत नाही.

आणि दुसरं कारण. ते आजवर बायकोलाही उघडपणे सांगितलेलं नाही, तिला ते माहीत असलं तरी. माझी दुबईतली नवी नोकरी हिरव्या सळ्या विकायची होती. मोठी कंपनी, जबेल अलीला कारखाना. सरांना मी फक्त 'स्टीलमध्ये आहे' एवढंच सांगितलं होतं. दिवसभर मी लोकांना सांगायचो की लेपाखाली सळी सुरक्षित असते. शुक्रवारी एका माणसाला तेच सांगणं जिभेला जड गेलं नाही.

मी हुशारीने खोटं बोललो. शिकवणारे तेच होते. खरा आकडा थोडा वाकडा असतो, म्हणून मी वाकडे आकडे दिले. उन्हाळ्यात जरा वर, हिवाळ्यात जरा खाली. एक ठोकळा बाकीच्यांपेक्षा थोडा नाठाळ ठेवला, पाचवा. त्याचा आकडा दर वेळी इतरांपेक्षा थोडा खाली सांगायचा. पाचवाच का? काही कारण नाही. तोंडात आला.

आमचा मुलगा एव्हाना चारेक वर्षांचा, कार्टून बघता बघता माझ्याकडे वळायचा. "बाबा, व्हाय आर यू सेइंग मायनस मायनस?"

"सरआजोबांना सांगतोय."

"आर दे फॉर हिज होमवर्क?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "अहो, सांगून टाका ना एकदा. रागावतील, दोन महिने बोलणार नाहीत. झालं." तिचं बरोबर होतं. पहिल्या वर्षी झालं असतं तर तेवढंच झालं असतं.

सर पलीकडे आकडे लिहून घ्यायचे. सुरुवातीला विचारायचे, "स्पंज भिजवला होतास?" "मीटरची बॅटरी?" "भरती होऊन किती वेळ झाला होता?" मी उत्तरं द्यायचो. मग प्रश्न कमी झाले. एकदा माझे आकडे आलेखावर मांडून झाल्यावर म्हणाले, "रेघ आडवी झाली रे." त्यांच्या हिशोबाने तोवर सहातल्या चार सळ्या तरी जायला हव्या होत्या.

"थोडी वाट बघू, सर," मी म्हणालो.

"बघू," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आमच्यासारखा वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मग ते लेपवाल्यांच्या पंचाहत्तरीला गेले.

हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. पुण्यात सभागृहात सत्कार होता. सरांना निमंत्रण नव्हतं. ते रिक्षाने गेले, शेवटच्या रांगेत बसले. आभार मानायला सुरुवात झाली तेव्हा उठून, गुडघा धरत, पायऱ्या चढून स्टेजवर गेले. लोकांना वाटलं भांडायला आले. एकाने माईक बाजूला ओढला. सरांनी तो परत घेतला आणि म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी या गृहस्थांना खोटं ठरवत आलो. मी समुद्रात ठोकळे ठेवले होते. ठोकळे म्हणतात, यांचं बरोबर आहे. माझं चुकलं." आणि वाकून नमस्कार केला. लेपवाल्यांनी त्यांना उठवून मिठी मारली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"मी तर रडलेच," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी हा माणूस माणसांत आला बघ. आता दोघं सकाळी एकत्र फिरायला जातात. तुझे फार उपकार आहेत. तू एवढा वेळ काढून ते मोजत राहिलास म्हणून."

सर फोनवर आले. "कसे आहात, सर?" मी विचारलं.

"ठीक," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिलो, पण त्यापुढे आकडा आला नाही.

याच्यापुढचं लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्या सत्काराच्या पुढच्या महिन्यात अबू धाबीच्या एका क्लायंटसमोर आमचं प्रेझेंटेशन होतं. त्यांच्या कन्सल्टंटने लेपावर शंका काढली. मी म्हणालो, "भारतातले याचे सगळ्यात मोठे विरोधक होते, त्यांनी स्वतः दहा वर्षांच्या चाचणीनंतर जाहीरपणे चूक कबूल केली आहे. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय." ऑर्डर मिळाली. बॉसने पाठ थोपटली. मी दुपारी शोरमा खाल्ला, गाडीत एसी लावून, आणि मला काहीही वाटलं नाही. काहीतरी वाटलं असं लिहायचा मोह होतो आहे, पण नाही वाटलं.

वाटलं ते वर्षभराने. किनाऱ्यावरचा एक जुना धक्का दुरुस्तीला काढला होता, हिरव्या सळ्यांचा, आमच्याच मालाचा. तक्रार आली म्हणून मला पाठवलं. ब्रेकरने खांबाचं काँक्रीट फोडलं. सळी दिसली, छान हिरवी. फोरमनने पकडीने लेप ओढला तर तो सापाच्या कातेसारखा अख्खा निघून आला आणि खालून काळं ओलं काहीतरी ओघळलं. सळी करंगळीएवढी उरली होती. फोरमन मल्याळी, माझ्याकडे बघून म्हणाला, "साब, ये तो बाहर से एकदम ओके था."

मी फोटो काढले. कंपनीसाठी, आणि एक जोड स्वतःसाठी. बायकोला म्हटलं, पुण्याला जातो. ती म्हणाली, "आता? आता सुखात आहेत ते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जा."

सिंहगड रस्त्यावरच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा सर गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसले होते. अंग आक्रसलं होतं. चेहऱ्यावर एक मऊपणा आला होता जो मला ओळखीचा नव्हता. "या, विद्वान," म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन बसले. पूर्वी ते कुणाचा हात धरत नसत. काकू आत कणीक मळत होत्या.

मी ठरवल्याप्रमाणे, बसल्या बसल्या, सांगून टाकलं. ठोकळे नाहीत. तुम्ही आल्यावर वर्षभरात ते भरावात गेले. मला दोनदा फोन आला होता, मी गेलो नाही. पहिले दोन सोडून सगळे आकडे मी मनाने सांगितले. आणि मी हिरव्या सळ्या विकतो.

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पूर्वी मीटरकडे बघायचे तसे, टक लावून. मग हसले.

"हिने पाठवलं तुला?" आतल्या दिशेने मान करून म्हणाले.

"नाही, सर."

"मग तुझ्या बायकोने. मी हल्ली फार बोलत नाही, त्याची सगळ्यांना काळजी. म्हातारा खचलाय, त्याला जरा उभारी द्या." माझा हात थोपटत होते. "मोठं मन लागतं रे याला. स्वतःला खोटं ठरवून दुसऱ्याला खरं करायचं. मला नसतं जमलं."

"सर, मी खरंच खोटं बोललो. तुमच्या गळ्याची शपथ."

"शपथा कसल्या घेतोस? पाचवा ठोकळा," ते म्हणाले. आवाजात अचानक जुनी धार आली. "पाचव्याचा आकडा तू दर वेळी बाकीच्यांपेक्षा खाली सांगत होतास. आठवतं?"

"हो."

"पाचव्यात सळीवरचं काँक्रीट मी मुद्दाम पातळ ठेवलं होतं. अर्ध्या इंचाने. आधी मी होतो तोवर फरक दिसला नाही, मीठ पोचायला वेळ लागतो. कुणाला बोललो नाही. तुलाही नाही, हिलाही नाही. का?"

मला कळलं होतं. तरी त्यांनीच सांगितलं.

"कारण माझ्यामागे मोजणारा कोण असेल आणि खरं मोजेल की घरी बसून लिहील, ते मला कळायला नको? पहिल्या वर्षी तू सहाही सारखे सांगितले असतेस तर मी त्याच दिवशी फोन ठेवला असता. तू पाचवा खाली सांगितलास. ज्याने मोजला नाही त्याला ते माहीत असणं शक्य नाही."

"योगायोग, सर. तोंडाला आला तो ठोकळा. दुसरा कुठलाही आला असता."

"पाच वर्षं? दर वेळी?"

एकदा पाचवा म्हटल्यावर पुढे पाचवाच म्हणत राहावं लागतं, हे त्यांना कसं समजावायचं मला कळेना. खोटं बोलायची सवय असलेल्या माणसाला ते एका वाक्यात कळलं असतं.

"पुरे आता," सर म्हणाले. "तू आलास, मला बरं वाटलं. पण हे परत करू नकोस. माणूस हरला असेल तर त्याला हरू द्यावं. मी आयुष्यात एकदाच नीट हरलोय, नियमाने, पुराव्याने. ते काढून घेऊ नकोस."

माझ्या मांडीवर बॅग होती. तिच्यात धक्क्याचे फोटो होते, कातेसारखा लेप आणि काळा चिखल, तारखेसकट. ते बघून त्यांनी एक क्षणही शंका घेतली नसती. तो चिखल त्यांनी चष्म्याशिवाय ओळखला असता. मला फक्त चेन उघडायची होती.

काकू कणकेचे हात घेऊन दारात आल्या. "काय रे, रडवलंस की काय यांना?"

"उलट," सर म्हणाले. "हाच रडायला आलाय. वाढा त्याला. जेवल्याशिवाय सोडू नका."

त्यानंतर सर बारा-तेरा वर्षं जगले. रोज सकाळी लेपवाल्यांबरोबर फिरायला गेले, लेपवाले वारल्यावर एकटे. मी जेव्हा जेव्हा पुण्याला गेलो तेव्हा भेटलो आणि तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. शेवटी ते गेले तेव्हा मी दुबईत होतो, पोचलो नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. काकूंनी ताट मांडलं, गरम पोळी टाकली. सर समोर बसून माझ्याकडे मायेने बघत होते. बॅग मी खुर्चीच्या पायाशी ठेवली. आणि माझ्या मनात आलं की मी तर सांगितलं. सगळं, स्पष्ट, तोंडावर. त्यांनी मानलं नाही, त्याला मी काय करणार? कितीतरी वर्षांनी खांदे सैल पडले, आणि मला सपाटून भूक लागली. काकू म्हणाल्या, "अजून एक घे," आणि मी घेतली.